सू शी वाचायचा तर आधी ताओ

मी उलटं केलं होतं. सू शी हा अकराव्या शतकातला चिनी कवी. त्याच्या कितीतरी आधीचा कवी ताओ युआनमिंग याच्या कवितांना त्यानं लिहिलेल्या उत्तरकविता मी आधी हातात घेतल्या आणि चार पानांत कंटाळलो. तुम्ही ताओ युआनमिंगपासून सुरुवात करा. 405 मध्ये फंगझ इथली सरकारी नोकरी जेमतेम ऐंशी दिवसांत सोडून तो शेतावर परतला, एवढं माहीत असलं की पुरे. मग ‘मद्यपान’ या वीस कवितांमधली पाचवी उघडा.

तिथे रेंगाळा. पूर्वेच्या कुंपणाशी शेवंती खुडताना दक्षिणेचा डोंगर ‘दिसतो’. काही प्रतींत ‘न्याहाळतो’ अशा अर्थाचा शब्द होता. त्यानं कवितेचा जीवच जातो, असं सू शीचं म्हणणं. दोन्ही शब्द घालून ओळ मोठ्यानं म्हणून बघा, पटेल.

आता सू शी. हुआंगजोऊच्या हद्दपारीत तो शेती करत होता. तिथे 1082 मध्ये त्यानं लिहून टाकलं, की मागल्या जन्मी मी युआनमिंगच! पुढे 1092 मध्ये यांगजोऊत त्यानं त्या वीसही कवितांना उत्तरं लिहिली, तीही मूळ यमकाचे शब्द त्याच क्रमानं ठेवून. चिनी येत नसलं तरी चालेल. दोन्ही मूळ पानं शेजारी ठेवा आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीचं शेवटचं अक्षर बोटानं जुळवत जा.

हुइजोऊ आणि हैनानच्या हद्दपारीतल्या उत्तरकविता सगळ्यात शेवटी घ्या. वाचताना एक मात्र विसरू नका: ताओनं नोकरी स्वतः सोडली होती, सू शीला हाकललं होतं.