पशुवैद्यकीय पदविकेला जाण्याआधी

निकाल लागला की आमच्या भागातले पोट्टे फोन करतात. पहिला प्रश्न, ‘भाऊ, फी किती?’ दुसरा, ‘नोकरी लागते का?’ त्याआधी एक ठरवून घ्या: जनावरांचा डॉक्टर व्हायचंय की डॉक्टरच्या जोडीनं काम करायचंय? डॉक्टरकीला ‘नीट’ परीक्षा लागते आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं जातात. नागपूरचं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज 1958 पासून आहे, मार्क असतील तर तेच गाठा. घरी तेवढी दमछाक सोसत नसेल तर पदविका. पण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यातलं कलम 30 आधीच माहीत असू द्या. पदविकावाल्याला किरकोळ सेवाच करता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. ‘डॉक्टरसाहेब’ म्हणवून घ्यायला जाल तर फसाल.

मग संस्था. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे माफसूच्या, मान्य संस्थांच्या यंदाच्या यादीत तिचं नाव आहे का ते स्वतः पाहा, एजंटच्या मोबाईलवर नाही. प्रवेशाची पात्रता आणि किती वर्षांचा कोर्स, हेही त्याच माहितीपुस्तिकेतून घ्या. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. पशुधन पर्यवेक्षकाच्या, म्हणजे पदविकावाले ज्यावर डोळा ठेवून असतात त्या सरकारी पदाच्या, भरतीची जुनी जाहिरात काढा, 2023 ची चालेल. त्यातल्या शैक्षणिक पात्रतेचा शब्द न शब्द तुमच्या पदविकेच्या नावाशी ताडून बघा. त्या पदाची वेतनश्रेणी 25,500 ते 81,100 आहे, पण नावात फरक निघाला तर ती तुमच्या कामाची नाही. आणि तीन महिन्यांचं ‘मैत्री’ प्रशिक्षण म्हणजे कृत्रिम रेतनाचं, गाई-म्हशींना वळूचं वीर्य भरायचं काम. गावात हातखर्च निघतो, पदविकेच्या जागी ते चालत नाही.

सरकारी जागा रोज निघत नाहीत. म्हणून दूध संघ, खाजगी डेअरी, खाद्य आणि औषध कंपन्या इथे मागच्या दोन बॅचमधली किती पोरं लागली आणि हातात किती पडतात, हे प्राचार्यांना नाही, त्याच पोरांना विचारा. मी शिकलो तिथं एक खोडा (तपासताना जनावर अडकवायची चौकट), दोन गायी आणि आम्ही पन्नासच्या वर. नायट्रोजनच्या कंटेनरमधून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढून कोमट पाण्यात सोडायची, अर्ध्या मिनिटात पुसून रेतनाच्या गनमध्ये भरायची, हे मी वर्षभर लांबूनच पाहिलं. पहिल्यांदा हात घातला तो नोकरीला लागल्यावर, एका गवळाऊ गाईवर, आर्वीकडच्या एका गोठ्यात. मालक बाजूलाच उभा, आणि माझा हात थरथरत होता. फी कमी होती खरी, पण पहिली दोन वर्षं मी त्याची भरपाई करत बसलो. म्हणून गोठ्यातली जनावरं मोजा, खोडे मोजा, दवाखान्यात बाहेरची जनावरं येतात का ते बघा.

खर्चाचा हिशेब फीवर थांबवू नका. खोली, मेस, एसटी, प्रात्यक्षिकाचे गमबूट-एप्रन धरा. तालुक्याच्या गावाला राहून स्वस्त पडेल ते शहरातल्या कमी फीपेक्षा कधी कधी परवडतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या कोर्सला लागू आहे का, ते प्रवेशाआधी लेखी विचारा. ‘मिळून जाईल’ या उत्तरावर पैसे भरू नका.

कागदं आत्ताच गोळा करा: गुणपत्रिका, टीसी, अधिवास, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शेतकऱ्याच्या घरचे असाल तर सातबारा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, जुना दाखवायला जाल तर परत पाठवतील. जात वैधतेला मात्र खरंच वेळ लागतो, अकरावीतच अर्ज टाका.

आणि संस्था बघायला जाल तेव्हा सकाळी सातला पोचा, दूध काढायच्या वेळेला. अकरा वाजता गोठा धुतलेला असतो.