नवी हार्ड डिस्क बसवताना या चुका टाळा: आधी जुनी डिस्क सांभाळा

नवी डिस्क बसवताना बिघडलेली जवळपास प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते. केबल बदलता येते, विंडोज पुन्हा टाकता येतं, डिस्क वॉरंटीत असली तर बदलूनही मिळते. जुन्या डिस्कवरचा डेटा चुकून पुसला गेला तर मात्र तो परत मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. डेटा काढून देणारे नागपूर-अमरावतीला बसतात आणि बहुतेक वेळा नव्या डिस्कपेक्षा जास्त पैसे घेतात. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी जुन्या डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

या 'सगळं' म्हणण्यातच लोक फसतात. "माझा डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे, सीमध्ये नुसतं विंडोज आहे," असं सांगून सी ड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि मग डेस्कटॉपवरच्या फाइली शोधत बसतात. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर, मुद्दाम हलवले नसतील तर, सी ड्राइव्हमध्येच असतात. घरी सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांचे सातबारे, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याच्या पावत्या सगळ्या डाउनलोड्समध्ये साठलेल्या असतात. आणखी एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे फॉन्ट. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या लग्नपत्रिका किंवा ठराव नव्या विंडोजमध्ये उघडतात, पण फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डरही सोबत कॉपी करा.

"डिस्क दिसूनच नाही राहिली"

नवी डिस्क बसवल्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. "भाऊ, डुप्लिकेट निघाली वाटते, उद्या परत करून येतो." परत करायला जाण्यात अख्खा दिवस जातो, एसटीचं भाडं जातं आणि दुकानात लावून पाहिली की डिस्क ठणठणीत निघते. म्हणून घरीच एक गोष्ट आधी ठरवा: डिस्क बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसते की नाही?

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसलं, तर केबल आणि वीज दोन्ही पोहोचताहेत. मग काम फक्त विंडोजमध्ये बाकी आहे. नवी डिस्क कोरी असते. तिला पार्टिशन (डेटा ठेवायला आखलेला भाग) नसतं, म्हणून 'धिस पीसी'मध्ये ती येतच नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली काळ्या पट्टीत 'अनअलोकेटेड' लिहिलेली डिस्क दिसेल. तिच्या नावावर राइट क्लिक करून 'इनिशियलाइज', मग काळ्या पट्टीवर 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम'. एवढंच.

बायोसमध्येच दिसत नसेल तर संशय केबलवर घ्या, डिस्कवर नंतर. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचं तोंड इंग्रजी एलच्या आकाराचं असतं. ते एकाच बाजूने बसतं, तरी तिरपं अर्धवट बसून राहतं. कॅबिनेटचं झाकण लावताना केबल दाबली जाते आणि अर्धा मिलिमीटर सरकते, हेही नेहमीचं. केबल बदला, मदरबोर्डवरचं पोर्ट बदला, एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारी वीजेची पट्टी बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल.

डिस्क दिसते, पण मध्येच गायब होते किंवा कॉपी करताना अडकते, अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे. त्यात सी-७ क्रमांकाची ओळ पाहा. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती चुकीची पोहोचली की तो आकडा वाढतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा केबल असते. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. त्यामुळे आजचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. ०५ आणि सी-५ या ओळींमधले आकडे वाढत असतील तर मात्र दोष डिस्कचाच आहे. ती बदलूनच घ्या. नवी म्हणून घेतलेली डिस्क किती तास चाललेली आहे, तेही याच सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर ऑन अवर्स'खाली दिसतं. बिल हातात असतानाच, पहिल्या दिवशी, तो आकडा बघा. तिथे हजारोंमध्ये तास असतील तर ती डिस्क नवी नाही.

विकत घेण्याआधी

आपल्याकडे घरोघरी अजून एच-६१ चिपसेटचे जुने मदरबोर्ड चालू आहेत. त्यावर एम डॉट टूची खाच (पट्टीसारखी डिस्क थेट बोर्डात बसवायची जागा) नसते. ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) मागवली, तर ती लावायला जागाच सापडत नाही. अशा बोर्डाला २.५ इंची साटा एसएसडी घ्या. एच-६१ चे पोर्ट ३ गिगाबिटचे असतात, त्यामुळे सेकंदाला ५५० एमबीचा वेग लिहिलेली एसएसडी तिथे साधारण २५०-२८० एमबीवर चालते. तेवढ्यानेही जुना कॉम्प्युटर कितीतरी हलका होतो. माझ्या मते जुन्या मशीनवर खर्च करायचाच असेल तर पहिला तोच करावा.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

एसएमपीएसला साटाची वीजेची पट्टी उरली नाही म्हणून चार पिनांचा कन्व्हर्टर लावला जातो. वायर एका घट्ट प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेले स्वस्त कन्व्हर्टर आतून शॉर्ट होऊन जळतात. ते घेऊ नका.

लाईन, अर्थिंग आणि कूलर

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, आणि घरचे "थोडं करंट मारते" म्हणून सोडून देतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो तुमच्या हातातून जातो, आणि डिस्क जोडताना तिच्या सर्किटमधूनही जाऊ शकतो. म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि त्यानंतरच आत हात घाला. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. ते डिस्कसाठी गरजेचं आहे, आणि घरातल्या माणसांसाठी त्याहून जास्त.

कॉपी किंवा क्लोनिंग (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) चालू असताना लाईन गेली तर अर्धवट लिहिलेली डिस्क हाती राहते. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडवर इन्व्हर्टर उशिरा पकडतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

उन्हाळ्यात कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या हवेत ओल असते आणि ती धूळ, कापसाची तूस धरून आत चिकटवते. फिरत्या हार्ड डिस्कसाठी कंपन्या साधारण ६० अंशांची मर्यादा देतात. खोलीच ४५ अंशांवर असेल तर फारसा वाव उरत नाही, म्हणून डिस्कच्या वर-खाली एक खण मोकळा सोडा.

विंडोज टाकताना जुनी डिस्क लावलेली ठेवू नका

दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या असल्या की इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर नवी कोणती आणि जुनी कोणती ते कळत नाही. तिथे सी, डी ही ड्राइव्हची अक्षरं नसतात, फक्त ड्राइव्ह ० आणि १ असतात. डिलीटचं बटण चुकीच्या ओळीवर दाबलं जातं ते इथेच. दुसरा धोका उशिरा कळतो. जुनी डिस्क जोडलेली असेल तर विंडोज सुरू करणाऱ्या फाइली बरेचदा तिच्यावरच जातात, आणि पुढे ती काढली की नवी डिस्क चालूच होत नाही. दोन्हींचा उपाय एकच: विंडोज टाकेपर्यंत जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा.

'या डिस्कवर एमबीआर टेबल आहे' अशा अर्थाचा संदेश आला, तर विंडोजचा पेन ड्राइव्ह यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) मोडमध्ये सुरू झालेला आहे आणि त्याला जीपीटी डिस्क हवी आहे. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती. डिस्कवर कामाचा काही डेटा नसेल तर तिच्यावरची पार्टिशनं पुसून रिकाम्या जागेवरच 'नेक्स्ट' करा. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला तर जीपीटीच लागतं, कारण एमबीआरला त्यापुढची जागा मोजता येत नाही.

नवं विंडोज नीट चालल्यावर जुनी डिस्क पुन्हा जोडाल, तेव्हा 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइज करा' अशी खिडकी उघडू शकते. कोऱ्या डिस्कवर जे बटण दाबायचं होतं, तेच आता दाबायचं नाही. 'कॅन्सल' करा, कॉम्प्युटर बंद करा, केबल बदलून पाहा. तरीही तेच आलं तर डिस्क काढा आणि कोणतंही रिपेअर सॉफ्टवेअर न चालवता जाणकाराकडे द्या.