वाळवंटातली स्टेट पार्क्स: जायच्या आधी एवढं वाचा

अमेरिकेच्या नैऋत्येला फिरायला जाणारे बरेच जण फक्त नॅशनल पार्क्सच करतात, पण स्टेट पार्क्स (म्हणजे केंद्राऐवजी त्या त्या राज्याने चालवलेली) पण भारी आहेत हो. लास वेगासवरून साधारण तासाभरात नेवाडाचं व्हॅली ऑफ फायर येतं, लालभडक दगड, युटाहमध्ये गॉब्लिन व्हॅली, आणि कॅलिफोर्नियाचं अँझा-बोरेगो तर त्या राज्यातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क.

पहिली गोष्ट, नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही, फी वेगळी भरावी लागते, गेटवर वाद घालू नका.

ऑक्टोबर ते एप्रिल जा. उन्हाळ्यात तापमान ४० च्या वर जातं आणि व्हॅली ऑफ फायरमधले काही ट्रेल तर तेव्हा बंदच ठेवतात. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर तरी घ्या, आणि ते गाडीत ठेवून चालायला जाऊ नका (हसू नका, लोक खरंच असं करतात), अर्धं संपलं की मागे फिरायचं, समोर कितीही छान दिसू दे.

अरुंद घळीत शिरायच्या आधी हवामान बघाच, कारण पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो, वर आभाळ निळं असलं तरी. मोबाईलला रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करा. सोबत एक कंगवा ठेवा, चोया निवडुंगाचा काटेरी गोळा पायाला चिकटला की हाताने नाही, कंगव्यानेच उडवायचा.

जमलं तर अमावस्येच्या आसपास मुक्काम करा, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते!