नोडमध्ये फाइल वाचताय? या चुका टाळा

नागपुरात आयटी पार्कच्या आसपास क्लास लावून नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) शिकणारी पोट्टी कोड दाखवायला येतात, तेव्हा तक्रार बहुतेक ठरलेली असते: 'फाइल तर जागेवर आहे, मग व्हेरिएबल अनडिफाइंड (म्हणजे किंमतच नाही) का येतंय?'

कारण तुम्ही ते कॉलबॅकच्या, म्हणजे काम झाल्यावर बोलावायला दिलेल्या फंक्शनच्या, बाहेर वाचताय. फाइल वाचणारं रीडफाइल काम सोपवून लगेच मोकळं होतं, खालच्या ओळी आधी चालतात आणि कॉलबॅक नंतर. त्यातून रिटर्न केलेली किंमतही तुमच्यापर्यंत पोचत नाही. डेटा लागणारं सगळं काम कॉलबॅकच्या आतच, किंवा आतून बोलावलेल्या फंक्शनमध्ये करा.

यावर घाईतल्यांचा आवडता उपाय सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळ थांबून काम करणं. त्याची मला मनापासून चीड आहे. कळमन्याच्या एका अडत्याकडे संत्र्याच्या प्रत्येक गाडीची वेगळी फाइल आणि सगळ्यांची मिळून दिवसाची बेरीज असा प्रोग्राम होता. बेरीज शून्य येते म्हणून लिहिणाऱ्याने २ सेकंद थांबून छापायची सोय केली. माल कमी होता तोवर निभावलं. आंबिया बहाराची आवक वाढली, फाइली वाढल्या आणि बेरीज कमी भरू लागली. एरर कुठेच नाही. तोच हिशेब लगेच पुन्हा छापला की आकडा बरोबर! पहिल्या वेळी वाचलेल्या फाइली मेमरीत असल्याने दुसऱ्यांदा २ सेकंद पुरायचे. शेतकरी समोर उभा आणि हातात दोन वेगळे आकडे. चूक सापडेपर्यंत सगळ्यांनी वजनकाट्यालाच दोष दिला.

मी अशा वेळी 'बाकी' नावाचा काउंटर ठेवते. सुरुवातीला फाइलींची संख्या, प्रत्येक कॉलबॅकमध्ये, एरर आली तरी, एक वजा, आणि शून्य झालं की बेरीज. फोल्डर रिकामं असेल तर कॉलबॅक एकदाही येणार नाही, ते आधीच तपासा. फाइली मागितलेल्या क्रमाने येतील असं धरू नका. निकाल इंडेक्सप्रमाणे, म्हणजे यादीतल्या फाइलच्या क्रमांकाप्रमाणे, ठेवा.

कॉलबॅकमध्ये पहिली ओळ एररची, आणि तिथेच रिटर्न (काउंटर असेल तर त्यातून एक वजा करून आणि शून्य झालं का ते बघून). बाहेरच्या ट्राय-कॅचला (एरर पकडायच्या रचनेला) आतली एरर सापडत नाही. 'माझ्याकडे चालतं, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतून) चालत नाही' असं झालं तर पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, बघा: रिलेटिव्ह पाथ स्क्रिप्टच्या नव्हे, प्रोग्राम जिथून सुरू केला त्या फोल्डरपासून मोजला जातो. सर्व्हरवर रीडफाइलसिंक (वाचून होईपर्यंत पुढे न सरकणारं) वापरून मोकळं होऊ नका. एकाची फाइल वाचून होईतो बाकीचे ताटकळतात.

आता मराठी मजकुराचं. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगितलं नाही तर हातात बफर, म्हणजे कच्चे बाइट, येतो. मोठी फाइल स्ट्रीमने, म्हणजे तुकड्या-तुकड्याने, वाचताना तुकडा साधारण ६५,५३६ बाइटचा असतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. त्यामुळे तुकड्याच्या टोकाला एखादं चिन्ह मधूनच तुटतं आणि 'काटोल'मध्ये प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसतात. प्रत्येक तुकड्यावर टूस्ट्रिंग (बाइटचा मजकूर करणं) करू नका. स्ट्रीमलाच सेटएन्कोडिंग करा, तुटलेले बाइट ती पुढच्या तुकड्याला जोडून देते.