अँग्झायटीसाठी थेरपी: पहिल्या फोनपासून कसारा घाटापर्यंत

छातीत धडधड, हातापायांना घाम, श्वास पुरत नाही असं वाटणं, हे सगळं अँग्झायटीत, म्हणजे चिंता-भीतीच्या त्रासात होतं, तसंच थायरॉइडच्या गडबडीनं किंवा रक्त कमी झाल्यानंही होतं. म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा. ईसीजी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, शुगर, ते सांगतील ते करून घ्या आणि दिवसात चहा-कॉफी किती होते तेही खरं सांगा. रिपोर्ट नॉर्मल आले आणि “काही नाही, टेन्शन घेऊ नका” एवढं ऐकून घरी परतावं लागलं, तर गप्प बसू नका. रिपोर्ट चांगले आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. मला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचे झटके यायचे, आणि ते कसारा घाटात ठरलेले. लेक मुंबईला शिकायला, त्यामुळे पंचवटी एक्सप्रेसनं जाणं-येणं असायचं. इगतपुरी सोडली की बोगदे सुरू होतात, फोनची रेंज जाते, मध्ये उतरायची सोय नाही. ‘इथं मला काही झालं तर?’ एवढा एक विचार आला की सगळं अंग थरथरायचं. पुढं मुंबईच टाळली. मग लग्नाचे हॉल, मग सिनेमा, मग लिफ्ट. मदत घ्यायची वेळ आली का, हे ओळखायची माझी खूण हीच आहे: या भीतीपायी काय काय सोडलं, त्याची यादी करा. यादी वाढत चालली असेल तर वेळ आली. डॉक्टर जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला ते त्यात भरायचं. एकवीसपैकी दहा किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांना भेटायलाच हवं.

आता कोणाकडे जायचं? सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषधं तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, थेरपी देतात. त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारायला काहीच हरकत नाही. समुपदेशकांचं शिक्षण मात्र फार वेगवेगळं असतं, तेव्हा ते जरूर विचारा. फोनवरच स्पष्ट बोला: “मला पॅनिकचा त्रास आहे. तुम्ही सीबीटी किंवा आरईबीटी करता का? घरी करायला काही देता का? फी किती, सत्र किती वेळाचं?” (सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. ती आणि आरईबीटी या विचार तपासून भीती कमी करायच्या पद्धती, त्यांच्याबद्दल पुढं सांगते.) नीट उत्तर देणारा माणूस निवडा. खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. २०२२ साली केंद्र सरकारनं सुरू केलेली टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून याच कामात आहे. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगा आणि जवळच्या रुग्णालयात जा.

पहिल्या सत्राला जाताना एक कागद भरून न्या. शेवटचा अटॅक कुठं आला, आधी काय चाललं होतं, शरीरात काय काय झालं, डोक्यात नेमकं कोणतं वाक्य आलं, आणि मग तुम्ही काय केलंत. चालू गोळ्या, दारू-तंबाखू, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, हेही लिहा. मी गेले तेव्हा सासूबाईंनी मीठ-मोहरीनं माझी दृष्ट काढलेली होती. तेही मी माझ्या थेरपिस्ट मॅडमना सांगितलं, आणि त्यांनी ते शांतपणे, मानानं ऐकून घेतलं. या बाईंपाशी आपण बोलू शकू, हे मला तिथंच कळलं.

सीबीटीचा पाया अमेरिकेत आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी मांडली. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. दोन्हींचा गाभा असा की घटना आणि भीती यांच्यामध्ये एक विचार असतो, आणि तो तपासता येतो. माझा विचार होता, ‘धडधड वाढली म्हणजे आता चक्कर येऊन पडणार.’ मॅडमनी विचारलं, “आजवर पडलात?” नाही. मग त्यांनी समजावलं: चक्कर येऊन पडायला सहसा रक्तदाब उतरावा लागतो, पॅनिकमध्ये अॅड्रेनॅलिन या संप्रेरकामुळे तो बहुतेक वेळा थोडा चढतो. भीती शिगेला जाते ती साधारण दहा मिनिटांत, आणि पुढं ओसरू लागते. धडधडीला घाबरलं की अॅड्रेनॅलिन आणखी वाढतं, त्यानं धडधड आणखी वाढते. हे चक्र त्यांनी कागदावर काढून दिलं.

पण नुसतं समजून भागत नाही, शरीराला ते अनुभवानं पटावं लागतं. म्हणून त्यांनी मला फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. मुद्दाम तीच लक्षणं आणायची आणि काही होत नाही हे स्वतः पाहायचं. (दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.)

मग पायऱ्या. ज्याची भीती वाटते त्या प्रसंगांना शून्य ते शंभर गुण द्यायचे आणि खालून वर चढायचं. माझ्या वहीतली यादी अशी होती. नाशिकरोडच्या फलाटावर गाड्या बघत बसणं, वीस. गाडीनं देवळालीपर्यंत, पस्तीस. इगतपुरीपर्यंत, पन्नास. घाट उतरून कसाऱ्यापर्यंत, सोबत हे, सत्तर. तेच एकटीनं, नव्वद. एकटीनं मुंबई, शंभर. एक पायरी पुन्हा पुन्हा करायची, भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथंच राहायचं, मग पुढची. मधेच उतरून पळालं तर मेंदूला वाटतं, पळालो म्हणून वाचलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण बहुतेकांचं इथंच अडतं. आपण भीतीसाठी गुपचूप आधार बाळगलेले असतात. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली, ओआरएसची पुडी, डॉक्टरांनी पूर्वी दिलेल्या गोळीची अर्धी स्ट्रिप आणि आवळा सुपारी असायची. जागा कायम दाराजवळची. दर स्टेशनला यांना फोन: “मला काही होणार नाही ना?” आणि हे बिचारे प्रेमानं म्हणायचे, “काही होत नाही.” मॅडमनी यांनाही एका सत्राला बोलावलं आणि नवं उत्तर शिकवलं: “तुला भीती वाटतेय, कळतंय मला. मॅडमनी काय सांगितलंय ते कर.” सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं, पण त्या वाक्याइतकी मदत दुसऱ्या कशानंच झाली नाही. आधार एकेक करून सोडायचे. आधी फोन, मग दाराजवळची जागा, बाटली सगळ्यात शेवटी. दीर्घ श्वाससुद्धा अटॅक थांबवायचा ताईत होऊ देऊ नका. रोज शांत वेळी सराव करा.

ज्यांना अटॅक येत नाहीत पण दिवसभर काळजी पोखरते, त्यांच्यासाठी वेगळा उपाय. काळजीला वेळ नेमून द्यायची, समजा संध्याकाळी सहा ते साडेसहा. दिवसा विचार आला की दोन शब्दांत टिपून ठेवायचा आणि हातातलं काम पुढं चालू ठेवायचं. सहाला वही उघडून बघायचं: यावर मला काही करता येतं का? येत असेल तर कधी आणि काय ते लिहा. येत नसेल तर तसंही लिहा. झोपायच्या आधीची वेळ मात्र नको.

औषधांबद्दल लोक फार घाबरवतात. थेरपीबरोबर औषध घेणं कमीपणाचं नाही. बऱ्याच जणांना दोन्हींची गरज पडते. नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात. झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून त्या आणू नका.

साधारण बारा ते पंधरा सत्रांत फरक दिसायला हवा. गुडघ्याच्या फिजिओथेरपीसारखंच आहे. व्यायाम घरी केला नाही तर आठवड्याच्या एका तासानं भागत नाही. घरचा अभ्यास मनापासून करूनही सात-आठ सत्रांत काहीच हललं नाही तर ते थेरपिस्टना तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट दुखावत नाही, पद्धत बदलतो किंवा दुसरीकडे पाठवतो. विमा असेल तर पॉलिसी वाचा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायचं आहे, पण ओपीडीचा खर्च अनेक पॉलिसींत मिळत नाही.

शेवटच्या सत्रात एक पान लिहून घ्या: त्रास परत येतोय याच्या पहिल्या खुणा कोणत्या, आणि तेव्हा कोणती पायरी पुन्हा करायची. माझ्या पानावर पहिली खूण आहे, ‘लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागले.’ तसं झालं की त्याच आठवड्यात लिफ्टनं वरखाली करायचं, आणि दोन आठवड्यांत सुटलं नाही तर मॅडमना फोन करून एक जादा सत्र घ्यायचं.