फोन गेटवर, घड्याळ मनगटावर! ज्वालाग्राही विभागात जाताना या चुका टाळा

सॉल्व्हंट (सहज पेट घेणारी द्रावकं) वापरणाऱ्या कारखान्याच्या गेटवर शिफ्ट बदलताना दहा मिनिटं उभे राहा. काडेपेटी, लायटर, मोबाइल ट्रेमध्ये जमा होतात, टोकन मिळतं. ज्या हाताने टोकन घेतलं, त्याच हातावर स्मार्टवॉच असतं. सिक्युरिटीवाला हटकत नाही, कारण घड्याळ त्यालाही अंगावरच्या कपड्यासारखंच वाटतं. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथे होते. स्मार्टवॉच हा पट्टा लावलेला छोटा फोनच आहे. फोनला जो नियम, तोच त्यालाही. फिटनेस बँड, इअरबड आणि गाडीची रिमोट किल्लीसुद्धा त्याच ट्रेमध्ये.

‘एवढीशी बॅटरी काय करणार?’ असं नेहमी ऐकू येतं. हिशेब करून बघा. ३०० मिलीअँपिअर-तास आणि ३.८ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे ४,१०० जूल ऊर्जा असते. पेट्रोलची वाफ किंवा एलपीजी हवेत नेमक्या प्रमाणात मिसळली असेल, तर ती पेटायला साधारण पाव मिलीजूल पुरतं. हायड्रोजनला ०.०२ मिलीजूलच्या आसपास. बॅटरीतली सगळी ऊर्जा एका ठिणगीत बाहेर पडत नाही, हे खरं. पण घड्याळ फ्लँजवर (पाइप जोडणाऱ्या लोखंडी कडीवर) आपटलं, काच फुटली, आत शॉर्ट झाला, तर तिचा कणभर वाटाही पुरेसा होतो. मागचं झाकण फुगलेलं किंवा चार्जिंगला लावल्यावर चटका देणारं घड्याळ तर घरीही वापरू नका.

फ्लाइट मोड लावला म्हणजे झालं, हाही गैरसमज. त्याने रेडिओ बंद होतो. बॅटरी, स्क्रीन, कंपनाची मोटर चालूच राहते. घड्याळ पूर्ण बंद केलं तरी बॅटरी आत आहेच.

‘माझं आयपी६८ आहे’ हे उत्तर तर चांगले शिकलेले इंजिनिअरही देतात. आयपी६८ म्हणजे आत धूळ आणि पाणी जात नाही, एवढंच. स्फोटक वातावरणासाठीचं प्रमाणपत्र ही वेगळीच गोष्ट. तुमच्या खिशाला लावलेला गॅस डिटेक्टर उलटा करून बघा. त्यावर षट्कोनातलं ‘ईएक्स’ किंवा ‘ईएक्स आयए टूसी टी४’ अशी काहीशी ओळ सापडेल. ‘आयए’ हा संरक्षणाचा दर्जा, ‘टूसी’ हा हायड्रोजन-ॲसिटिलीनचा गट, आणि ‘टी४’ म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापणार नाही. आता मनगटावरच्या घड्याळाची पाठ बघा. तिथे अशी ओळ नसेल, तर ते आत न्यायचं नाही.

कामासाठी घड्याळ हवंच असेल, तर ईएक्स प्रमाणित घड्याळं मिळतात. पण तिथेही झोन जुळवावा लागतो, म्हणजे स्फोटक वायू कितपत असतो त्यावरून ठरवलेला भाग; झोन ० सगळ्यात धोक्याचा, झोन २ सगळ्यात कमी. झोन ० मध्ये फक्त ‘आयए’, झोन १ मध्ये ‘आयए’ किंवा ‘आयबी’; ‘आयसी’ असेल तर झोन २ पुरतंच. आपल्या देशातली मान्यता पेसो या स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून येते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. असं घड्याळ सुरक्षित जागेतच चार्ज करा, आणि काच बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून बदललीत तर ते प्रमाणित राहिलं नाही असं धरा.

साखर आणि पिठाच्या कारखान्यातल्या लोकांना हे आपल्यासाठी नाही असं वाटतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात साखरेच्या धुळीच्या स्फोटात १४ माणसं गेली. धुळीचे झोन २०, २१, २२ वेगळे असतात, गॅसची खूण बघून तिथे चालत नाही.

आत गेल्यावर हातात घड्याळ दिसलं तर? तिथे काढू नका, बटण दाबू नका, बंद करायच्या फंदात पडू नका. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने बाहेर या आणि शिफ्ट इनचार्जला सांगा. जो सांगेल त्याच्यावर ओरडू नये, हे इनचार्जनेही पाळायला हवं. ओरडा बसला की पुढचा माणूस बाही खाली ओढून घड्याळ लपवतो.

बरेच जण घरून फोन येईल म्हणून घड्याळ काढत नाहीत. कुणाचे आई-वडील आजारी असतात, कुणाची बायको बाळंतपणाला आलेली असते. कंट्रोल रूमचा लँडलाइन नंबर आजच घरी लिहून द्या, फ्रिजवर चिकटवून.