ड्रिपच्या चाळीस मिनिटांत काय वाजवावं

न्यू जर्सीतल्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी केटामाइनची ड्रिप देतात. डोस किती, रक्तदाब कुठवर चढू द्यायचा, हे डॉक्टर बघतात. हेडफोनमध्ये काय वाजणार, हे मात्र बऱ्याचदा पेशंटवर आणि माझ्यावर सोडलेलं असतं. मराठी पेशंट आला की हमखास विचारतो, "ताई, माझी आवडती गाणीच लावू ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे: नको.

केटामाइन हे मुळात भुलीचं औषध, अमेरिकेत १९७० पासून मान्यता असलेलं. नैराश्यासाठी फार थोडं देतात, सहसा वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत. पण तेवढ्यानंही आपलं शरीर कुठे संपतं नि खुर्ची कुठे सुरू होते, हे कळेनासं होतं. अशा वेळी वडिलांच्या आवडीचा अभंग लागला, तर माणूस उरलेला सगळा वेळ वडिलांपाशीच अडकू शकतो. कधी तेच हवं असतं. पण मग ते थेरपिस्टशी आधी बोलून ठरवा. सनईचंही तसंच. ती वाजली की आपल्या डोळ्यांपुढे मांडव नि अक्षता येतात, आणि नुकताच घटस्फोट झालेल्या बाईला ते नकोच असतं. समजणाऱ्या भाषेतले शब्द तर अजिबात नकोत. शब्द आले की मन अर्थ लावायला धावतं.

इंटरनेटवर सायलोसायबिनसाठी (काही मशरूममध्ये सापडणारं, भास घडवणारं द्रव्य) बनवलेल्या तयार याद्या मिळतात, त्या जशाच्या तशा उचलू नका. संगीतोपचारक हेलन बॉनी आणि डॉक्टर वॉल्टर पान्के यांनी मेरीलँडमधल्या एलएसडीच्या (असंच भास घडवणारं औषध) उपचार-सत्रांवरून १९७२ मध्ये संगीताचे टप्पे मांडले: सुरुवात, चढ, शिखर, उतार, परत येणं. ही मांडणी आजही कामाची आहे, पण ती दिवसभर चालणाऱ्या सत्रांची. सायलोसायबिनही पाच-सहा तास चालतं. ती यादी इथे लावली तर तिचं शिखर येईपर्यंत पेशंट घरी वरणभात खात असेल.

मी तासा-सव्वा तासाची यादी धरते. सुई टोचण्याआधीच संगीत सुरू करायचं, म्हणजे बदल जाणवायला लागतो तेव्हा कान आधीच रुळलेला असतो. पहिली दहा मिनिटं अगदी साधं: तानपुरा, संथ बासरी. मग ड्रिप संपेपर्यंत लांब, रुंद सूर. सरोदचा किंवा सुरबहारचा आलाप, नाहीतर पियानो-चेलोचं संथ काही. ठेका नको. ड्रिप थांबल्यावर अर्ध्या तासात माणूस बराचसा परत येतो, तिथे हलकी लय चालते.

आपल्या शास्त्रीय संगीतात एक खाच आहे. आलापानंतर 'जोड' हा लयीतला भाग, मग 'झाला' हा जलद भाग. म्हणजे वादन शेवटाकडे वेग घेतं, नेमकं माणूस उतरायला लागतो तेव्हा. आलाप संपला की तुकडा कापा. मैफिलीचं रेकॉर्डिंग तर टाळाच. मध्येच "क्या बात है" आणि टाळ्या आल्या की पेशंट दचकतो. संतूर मला स्वतःला फार आवडतं, पण त्याचे आघात या अवस्थेत काहींना टोचतात.

आता तांत्रिक भाग, आणि निम्मे घोळ इथेच होतात. यादी फोनमध्ये डाउनलोड करून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका, शफल बंद. फुकटच्या ॲपवर मध्येच टूथपेस्टची जाहिरात येते, तेव्हा ते नकोच. दोन तुकड्यांमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एक विरताना दुसरा सुरू होणं, आठ-दहा सेकंद ठेवा. वेळेचं भान गेलेल्या माणसाला दोन सेकंदांची शांतताही संपता संपत नाही. आवाज इतकाच, की हेडफोन लावूनही माझं नेहमीच्या सुरातलं बोलणं ऐकू यावं. वायर असेल तर सलाईनच्या उलट बाजूनं घ्या. रक्तदाबाचा पट्टा मधूनमधून दंड आवळेल, हे आधी सांगून ठेवा. खुणाही ठरवा, कारण तेव्हा जीभ जड होते: एक बोट वर केलं तर आवाज कमी, पूर्ण पंजा दाखवला तर बंद.

संगीतानं नैराश्य जास्त उतरतं का? माँट्रियलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या चाचणीत केटामाइनमुळे चढणारा वरचा रक्तदाब संगीत ऐकणाऱ्यांमध्ये कमी चढला. नैराश्यात मात्र दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. मॉनिटरपाशी बसणाऱ्या मला पहिली गोष्टही पुरेशी आहे.

नाकात मारायचा एसकेटामाइनचा (केटामाइनचंच एक रूप) स्प्रे असेल तर दवाखान्यात किमान दोन तास थांबावं लागतं, त्यामुळे यादीही तेवढी लांब करा. आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीतल्या सत्रासाठी आहे. मिळवलेलं औषध आणि हेडफोन घेऊन घरी बसण्यासाठी नाही.

यादी एक-दोन दिवस आधी, डोळे मिटून, आडवं पडून एकदा ऐका. ज्या तुकड्याला कुणाचा चेहरा आठवला तो काढा. सत्रानंतर गाडी दुसऱ्यानं चालवायची, आणि त्याला सांगून ठेवा: रेडिओ बंद, "काय दिसलं?" हा प्रश्नही घरी पोचेपर्यंत नको. संध्याकाळी कोणता तुकडा खुपला तेवढं लिहून ठेवा. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांत बहुधा सहा ड्रिप असतात, तेव्हा पुढच्या वेळेआधी तो बदलायला वेळ मिळतो.